झोपेची मनधरणी

‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण ज्याने केली, त्याला झोप नक्की लागत असणार. दुपारी रस्त्याच्या कडेला, टेम्पोच्या सावलीत, डोक्याखाली वीट घेऊन घोरणारा गवंडी दिसला की ती पटते. रात्री दोनला धुतलेल्या चादरीवर कूस बदलत पडलं की तीच म्हण टोमण्यासारखी आठवते.

गवंड्याच्या झोपेमागे शरीराचा साधा हिशेब आहे. जागेपणी मेंदू जी ऊर्जा खर्च करतो, त्या खर्चातून अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. जागरण जितकं लांब, तितका साठा मोठा आणि पेंग अनावर. झोपेत तो उपसला जातो. कॉफीने साठा कमी होत नाही. अ‍ॅडेनोसिनने जिथे बसायचं, ती जागा कॅफीन अडवून धरतं एवढंच. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असू शकतं. आणि दुपारची ऐसपैस वामकुक्षी म्हणजे रात्रीच्या झोपेतून घेतलेली उचल.

पण नुसत्या साठ्यावर झोप ठरत नाही. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, वीसेक हजार पेशींचं एक घड्याळ आहे. सकाळच्या उजेडावर ते रोज जुळवलं जातं. रात्र झाली की त्याच्याच इशाऱ्याने मेलाटोनिन पाझरतं, अंगाचं तापमान उतरू लागतं. साठा आणि घड्याळ यांची सांगड घालणारी मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली. झोपेचा अभ्यास आजही तिच्यापासून सुरू होतो.

हे घड्याळ किती हट्टी, ते नथॅनिएल क्लाइटमन यांनी स्वतःच्या अंगावर आजमावलं. १९३८ मध्ये शिकागोचे हे प्राध्यापक आपला विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. आत ना सूर्य, ना ऊन-सावली. दिवस २४ ऐवजी २८ तासांचा करून बघायचा, असा बेत. पलंगाचे पाय जंतुनाशकाच्या डब्यांत उभे केलेले, उंदीर चढू नयेत म्हणून. तरुण रिचर्डसनच्या शरीराने नवा दिवस मान्य केला. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांच्या शरीराने २४ तासांचा हेका सोडला नाही. मला या प्रयोगातलं त्यांचं अपयशच अधिक भावतं. झोपेच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेल्या माणसालाही ठरवून झोपता आलं नाही!

मग साठा भरलेला, घड्याळही वेळेवर, तरी डोळ्याला डोळा का लागत नाही? निद्रानाशाची उकल आर्थर स्पीलमन यांनी १९८०च्या दशकात तीन पायऱ्यांत केली. काहींची जडणघडणच हलक्या झोपेची असते. त्यात काही निमित्त घडतं: बदली, आजारपण, घरातलं कुणी जाणं. निमित्त यथावकाश सरतं. मागे उरतात त्या काळात लागलेल्या सवयी, आणि जागरण खरं त्यांच्यावर पोसतं. नऊलाच अंथरूण गाठणं, पहाटे लागलेली झोप दहापर्यंत ताणणं, रविवारी आठवड्याची भरपाई करू पाहणं. हेतू चांगलाच असतो. साठा मात्र भरायच्या आत फुटतो.

आणि मग तो हिशेब. आत्ता लागली तरी साडेचार तास मिळतील. उशी उलटून गार बाजू गालाखाली घ्यायची, पंखा एकाने कमी करायचा, उठून दोन घोट पाणी प्यायचं, मोबाइल उचलून वेळ बघायची. आता चारच तास. धोक्याच्या जागी झोपू नये, ही शरीराची जुनी शिस्त आहे; उद्याच्या मीटिंगची धास्तीही त्याला धोकाच वाटते. असं रोज घडलं की पलंग हीच जागं राहायची जागा होऊन बसते. सोफ्यावर बातम्यांसमोर पेंगणारा माणूस पलंगाला पाठ टेकताच टक्क जागा होतो, तो म्हणूनच.

रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला उपाय म्हणूनच उलटा वाटतो: झोप येत नसेल तर अंथरुणातून उठा, पेंग आली तरच परत या, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठा. जुन्या निद्रानाशावर डॉक्टर आज गोळीच्या आधी अशाच सवयी बदलणारे उपचार सुचवतात.

मेहनत केली की मिळतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. झोप त्याला अपवाद आहे. तिच्यासाठी करायचं ते सगळं दिवसा: वेळेवर उठणं, उजेडात जाणं, अंग शिणवणं. रात्री करण्यासारखं काहीच उरत नाही, आणि काही न करणं हेच आपल्याला सगळ्यात अवघड जातं.