दोन वह्या, एक हात

वर्गनिरीक्षणाचं लॉगबुक बहुतेक शाळांत दप्तर तपासणीपुरतं असतं. ‘पूर्वतयारी चांगली, फलकलेखन सुवाच्य, विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक’ एवढं लिहून सही केली की भागतं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या बाईंनी मात्र याच वहीवर जीव लावला. शेवटच्या बाकावर बसायचं आणि शिक्षकाचा प्रत्येक प्रश्न, मुलांचं प्रत्येक उत्तर जसंच्या तसं उतरवायचं. शेरा एकही नाही. तास संपला की पान शिक्षकापुढे ठेवायचं. एका तासिकेत आपण किती वेळा ‘समजलं का?’ विचारलं हे पाहून अनुभवी शिक्षकही चपापायचे.

या नोंदींचा बाईंना गर्व होता, आणि तो त्या आजही झाकत नाहीत. शेजारच्या शाळांचे मुख्याध्यापक झेरॉक्स मागायचे, तेव्हा देण्याआधी त्या स्वतःच ती पानं पुन्हा वाचून घ्यायच्या. इतकं वेगाने आणि इतकं नेमकं तालुक्यात दुसरं कुणी लिहीत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि कुणीतरी ते बोलून दाखवावं असंही वाटायचं.

निवृत्ती जवळ आली आणि कानांनी दगा दिला. श्रवणयंत्र घेतलं, पण भरल्या वर्गात पंख्याची घरघर, बाक सरकल्याचा आवाज आणि ओठांतल्या ओठांत दिलेलं उत्तर, सगळं ते सारख्याच जोराने कानात ओततं. पानावर गाळलेल्या जागा वाढल्या. शिक्षकाचं बोलणं येई, मुलांचं नाही. म्हणजे हवं तेच निसटू लागलं.

मग बाई एखाद्या मुलाशेजारी जाऊन बसू लागल्या आणि कानांचं काम डोळ्यांकडे आलं. सहावीत अपूर्णांकांची बेरीज चालू होती. फळ्यावर १/२ + १/३ = ५/६, छेद समान करून, पायरीपायरीने. वर्गाने एका सुरात ‘हो’ म्हटलं. शेजारच्या मुलीच्या वहीत फळ्याची हुबेहूब नक्कल होती. मागच्या पानावर मात्र तिने आपल्यापुरतं करून पाहिलं होतं: वरचे आकडे एकत्र, खालचे एकत्र, उत्तर २/५. अर्ध्यात काही मिळवलं तर उत्तर अर्ध्याहून लहान कसं, हा प्रश्न तिला पडला नव्हता. तिच्या लेखी त्या दोन संख्या नव्हत्याच, वरखाली लिहिलेले चार आकडे होते.

तास संपल्यावर बाईंनी गणिताच्या सरांना विचारलं, “मला नीट ऐकू आलं नाही. आज कोण काय म्हणालं ते सांगाल का?” सरांना तीन-चार नावं आठवली, नेहमी हात वर करणाऱ्यांची. मग ते थांबले. “बाकीच्यांचं मला सांगता येणार नाही, बाई.” पूर्वी पानभर नोंद पुढे केली तरी एवढं निघायचं नाही; समोरचा आधी बचावाचं बोलायचा.

हा बचाव हीच बाईंची जुनी डोकेदुखी. मुख्याध्यापक वर्गात आला की मुलं उभी राहतात, शिक्षकाचा आवाज चढतो, ठेवणीतला पाठ बाहेर निघतो. खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे शिक्षकाचा गोपनीय अहवाल असतो, आणि तो लिहितो मुख्याध्यापकच. ज्याच्यापाशी अडचण सांगायची, वर्षअखेरीला तोच प्रतवारी करणार. ‘हा भाग मला शिकवता येत नाही’ असं त्याला कोण सांगेल? बाईंनी आधी कळवून पाहिलं, न कळवता जाऊन पाहिलं, लॉगबुकाचं पान शिक्षकाच्याच ताब्यात देऊन पाहिलं. शिक्षकांना आपला तास बघायला बोलावलं, तेव्हा कुठे थोडं सैल झालं. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मुलांच्या शिकण्यावर सर्वांत मोठा परिणाम दिसला तो मुख्याध्यापकाने शिक्षकांबरोबर स्वतः शिकायला बसण्याचाच.

केबिनमध्ये सीसीटीव्हीच्या पडद्यासमोर बसून वर्ग ‘पाहणाऱ्या’ मुख्याध्यापकांबद्दल बाईंचं मत कडक आहे. व्हरांड्यातून फेरी मारून दोन दोन मिनिटं डोकावणाऱ्यांबद्दलही. त्याला आधारही आहे. अमेरिकेतल्या मायामी-डेड भागात सुमारे शंभर मुख्याध्यापकांबरोबर संशोधक अख्खा दिवस राहिले. ग्रिसम, लोब आणि मास्टर यांच्या २०१३ च्या या अभ्यासात शिक्षकाला मार्गदर्शन करण्यात गेलेल्या वेळाचा मुलांच्या प्रगतीशी चांगला संबंध दिसला. नुसत्या डोकावण्याचा संबंध उलटा निघाला, हायस्कुलांत तर विशेष. आणि शंभर टक्के निकालासाठी कच्च्या मुलांना नववीतच बाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म दाखवणाऱ्यांशी बाई बोलतसुद्धा नाहीत.

कागदावरच्या सुधारणेवरही त्यांचा विश्वास नाही. मध्य प्रदेशात शाळांचं मूल्यांकन करून सुधारणेचे आराखडे बनवण्याचा मोठा कार्यक्रम झाला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंह यांनी २०२० मध्ये त्याची तपासणी मांडली: आराखडे झाले, मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. आपल्याकडे शिक्षकांच्या पदांच्या संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट, यू-डायस, आधार जुळणी, शालार्थवरची पगारबिलं यांतून मुख्याध्यापकाला वर्गात बसायला वेळच उरत नाही, ही तक्रार खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच अशैक्षणिक कामांना जुंपू देतं. पण पोर्टलवर रोज माहिती भरण्याचं हे काम त्या कलमात धरलंच जात नाही.

बाई आता संस्थेकडे एक मागणी घेऊन गेल्या आहेत. लॉगबुक लिहिणारा आणि गोपनीय अहवाल लिहिणारा एक नसावा. वर्गात बसायचं काम दुसऱ्या विषयाच्या ज्येष्ठ शिक्षकाकडे द्यावं आणि ते पान मुख्याध्यापकाच्या कपाटात येऊच नये. म्हणजे इतकी वर्षं जपलेली वही हातून जाणार. ते जड जातंय, असं त्या उघड म्हणतात. शाळेच्या पर्यवेक्षकांना हे पटलेलं नाही. वर्ग पाहिलाच नाही तर अहवाल कशाच्या आधारावर लिहायचा, असं ते विचारतात. बाई म्हणतात, मुलांच्या वह्यांवरून, मागच्या पानांसकट. त्यावर पर्यवेक्षकांचा मुद्दा असा की, चौथी-पाचवीतला कच्चा अपूर्णांक मुलं तसाच सहावीत आणतात. तो सहावीच्या सरांच्या नावावर कसा मांडायचा? यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.