डुप्लिकेट ओम्निट्रिक्स

हॉस्टेलवर जमवाजमवीचा रोग सगळ्यांनाच असतो. आमच्या मजल्यावर एक मुलगी सिनेमाची तिकिटं जमवते, एकीच्या खिडकीत अत्तराच्या रिकाम्या बाटल्यांची रांग आहे, आणि काही जणी वर्षानुवर्षं नुसत्या केट्या जमवतात, पण तो विषय नको. मी बेन टेनची घड्याळं जमवते. तीही डुप्लिकेट. हसून घ्या, मी थांबते.

झालं? तर पुढे. आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. दहावीपर्यंत 'पाऊणशे' म्हणजे किती हे बोटांवर मोजावं लागायचं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, लेख त्यांनीच मागितलाय.

सर-मॅडम लोकांसाठी थोडी माहिती. बेन टेनचा पहिला भाग अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर २७ डिसेंबर २००५ ला दाखवला गेला. म्हणजे तो आणि मी एकाच वर्षीचे. बेन टेनिसन हा दहा वर्षांचा मुलगा, उन्हाळ्याच्या सुट्टीत मॅक्स आजोबा आणि चुलत बहीण ग्वेन यांच्याबरोबर गाडीतून फिरायला निघतो. आकाशातून एक यंत्र पडतं आणि त्याच्या मनगटाला चिकटतं. हेच ते ओम्निट्रिक्स. डायल फिरवायची, वरून दाबायचं, की तो दहापैकी एक परग्रहवासी होतो. चार हातांचा फोर आर्म्स, आगीचा हीटब्लास्ट, धावणारा एक्सएलआर एट. थोड्या वेळाने घड्याळ लाल होतं आणि बिचारा नेमका मारामारीच्या मध्यावर परत दहा वर्षांचा पोरगा. मला आजही वाटतं की सगळी गंमत त्या लाल होण्यात होती. सुपरमॅनची बॅटरी कधी उतरत नाही, म्हणून तो मला कंटाळवाणा वाटतो.

याची अधिकृत खेळणी बंडाई नावाची जपानी कंपनी बनवायची. ती मोठ्या शहरांतल्या मोठ्या दुकानांत असतील. आमच्या श्रीरामपूरला आलं ते दुसरंच घड्याळ. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. आमच्याकडे सगळ्या धर्मांची माणसं तिथे जातात, नवस वगैरे मोठ्यांचे, आमचं लक्ष खेळण्यांच्या पालांकडे. २०१२ च्या यात्रेत मी सत्तर रुपयांना प्रोजेक्टरवालं घड्याळ घेतलं. पालवाला म्हणाला, "हे पोरांचं आहे, पोरींसाठी ती गुलाबी बघ." मी रडून दाखवलं आणि प्रश्न मिटला.

त्या घड्याळात आतमध्ये छोटा एलईडी, त्यापुढे फिरणारी चकती, चकतीवर नखाएवढी रंगीत चित्रं आणि पुढे एक प्लास्टिकचं भिंग. बटण दाबलं की भिंतीवर फोर आर्म्स. भिंगामुळे चित्र उलटं पडतं, म्हणून चकतीवर ते आधीच उलटं छापलेलं असतं. हे मला बारावीच्या ऑप्टिक्समध्ये कळलं आणि वर्गातच जोरात "ओ!" झालं. फोकस करायची सोय नाही. त्यामुळे भिंतीपासून ठरावीक अंतरावरच चित्र स्पष्ट दिसतं, आणि ते अंतर शोधत आम्ही रात्री लाईट गेल्यावर हात मागेपुढे करत बसायचो. लाईट जायची वाट बघणारी मुलं तालुक्यात तेवढीच असावीत.

माझं ते पहिलं घड्याळ मात्र माझ्या संग्रहात नाही. ते शाळेत सिस्टरांनी जप्त केलं आणि वर्षअखेरीस परत देईन म्हणाल्या. ती वर्षअखेर अजून यायची आहे.

आता मुद्द्यावर येते. माझे पप्पा घड्याळं दुरुस्त करायचे. बस स्टँडजवळ त्यांचं छोटं दुकान होतं, दुकान कसलं, काचेचं कपाट आणि एक स्टूल. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. ते शिकले एचएमटीवर. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळाची कंपनी बंद करायचं ठरवलं. ती बातमी वाचल्यावर पप्पा त्या दिवशी जेवताना काहीच बोलले नाहीत, एवढं मला आठवतं. तोपर्यंत वेळ बघायला लोकांच्या खिशात मोबाईल आला होता. दुकानात येणारं गिऱ्हाईक म्हणजे सेल टाकणारी म्हातारी माणसं आणि आम्ही पोरं, बेन टेन घेऊन.

एवढ्या फालतू घड्याळाला पप्पा हातच का लावायचे, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. त्यात तीन बटण सेल लागतात, सेलची किंमत घड्याळाच्या निम्मी. पण त्यांची पद्धत ठरलेली. घड्याळ आलं की एक खाकी पाकीट, त्यावर नाव, तारीख, काय झालंय आणि किती पैसे. मग ते एचएमटी असो नाहीतर ओम्निट्रिक्स. "चि. सोनू, प्रोजेक्टर लागत नाही, २० रु." हे त्यांनी खरोखर लिहिलेलं आहे. चिरंजीव सोनू!

२०२१ मध्ये दुकान बंद झालं आणि ड्रॉवर घरी आला. त्यात कोणीच न्यायला न आलेली घड्याळं होती. पोरांना नवं खेळणं मिळालं की जुनं दुरुस्तीला टाकलेलं कोण आठवतंय? त्यातली एकोणीस बेन टेनची निघाली, पाकिटांसकट. आई म्हणाली टाकून दे. मी बुटाच्या खोक्यात भरली आणि इंजिनिअरिंगला पुण्याला येताना बरोबर आणली. संग्रह म्हणतात तो असा सुरू झाला.

नंतर मात्र मला वेड लागलं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे गंजलेल्या पान्यांच्या आणि रेडिओच्या ढिगात हात घातला की काहीही निघतं. दोन महिन्यांत आठ घड्याळं झाली आणि मेसचे पैसे भरायला उशीर झाला, तेव्हा रूममेट म्हणाली, "अगं, काहीतरी नियम कर, नाहीतर जूनपर्यंत तू खोक्यात राहशील आणि घड्याळं पलंगावर." मग नियम केले. खरं तर केले नाहीत, एकेक प्रसंगाने होत गेले.

जागेचा आणि पैशाचा नियम कोणालाही सुचेल. एकच खोका, आणि एका घड्याळाला शंभराच्या वर नाही. झाकण लागेना झालं की खरेदी बंद.

दुसरा पप्पांकडून उचललाय. एचएमटीला आता हौशी लोक चांगले पैसे देतात, त्यामुळे जुन्या मशीनवर नवी रंगीत डायल छापून विकणारेही पुष्कळ झाले. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. पप्पांना ती बघवत नाहीत. "डायल बदलली की त्या घड्याळाचं तोंडच गेलं," असं त्यांचं मत. म्हणून मी स्वच्छ करते, पण सजवत नाही. सेल फुटून पांढरं साचलेलं असतं, ते अल्कलीचं असतं, इअरबडला व्हिनेगर लावून निघतं. पट्टा चिकट होतो, कारण मऊ पीव्हीसीमध्ये मिसळलेलं तेलासारखं द्रव्य, प्लॅस्टिसायझर, हळूहळू बाहेर येतं. तो पुसून बटर पेपरमध्ये ठेवते. पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साईडने पांढरं करता येतं, आमच्या लॅबमध्ये बाटलीही आहे. पण ते करत नाही. पिवळं झालं तर झालं, त्याचंही वय झालंय.

तिसरा नियम जुन्या बाजारातल्या एका रविवारी झाला. मला हवं होतं तसं, काळ्या पट्ट्याचं घड्याळ विकणाऱ्याच्या मुलाच्या हातात होतं. चार-पाच वर्षांचा असेल. मी नुसतं बघितलं तर बाप म्हणाला, "घ्या ना ताई, ऐंशी द्या," आणि पोराच्या हातातून काढायलाही लागला. पोरगा रडला नाही. त्याने हात पुढे केला. ते बघून मलाच कसंतरी झालं. मी घेतलं नाही. तेव्हापासून कोणाच्या हातात असलेलं घड्याळ मी विचारतसुद्धा नाही.

चौथ्या नियमावर सगळ्यांत जास्त भांडणं होतात. ओरिजिनल घ्यायचं नाही. माझे काका दुबईला असतात, त्यांनी विचारलं, "बंडाईचं खरं ओम्निट्रिक्स पाठवू का?" मी नको म्हटलं. रूममेटने कपाळावर हात मारून घेतला. कॉपीराईटवर प्रेझेंटेशन दिलेली एक मैत्रीण तर म्हणाली, "तू चोरीचा माल जमवतेस आणि वर तत्त्व सांगतेस!" तिचं खोटं नाही. बेन टेन ज्या चौघांनी मिळून तयार केला त्यांच्या खिशात माझ्या सत्तर रुपयांतला एक पैसा गेला नसणार. पण तेरा वर्षांपूर्वी विकून झालेलं घड्याळ आज भंगारातून घेतल्याने तो पैसा इकडचा तिकडे होत नाही. आणि ओरिजिनल सांभाळायला जगभर माणसं आहेत. त्यावर कंपनीचं नाव असतं, वर्ष असतं, बॉक्स असतो. आमच्या घड्याळांवर काय आहे? एकाच्या पट्ट्यावर 'बेन'मध्ये एक 'एन' जास्त आहे. एकाच्या चकतीत बेनच्या परग्रहवासीयांत चक्क स्पायडरमॅन घुसलाय. कोणी बनवली, कधी बनवली, काही नाही. तो बंडाईचा बेन टेन माझ्या लहानपणी श्रीरामपूरला आलाच नव्हता. जो आला तो हा, जास्तीच्या 'एन'चा.

शिवाय आता ती नवी येणं जवळजवळ थांबलंय. फेब्रुवारी २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. माझ्या मते योग्यच झालं. बटण सेल सहज निघेल असं झाकण लहान मुलाच्या हातात द्यायचं म्हणजे डोकं ठिकाणावर नाही, त्यांनी तो गिळला तर आतून भाजतं. पण त्यामुळे माझ्या संग्रहाला आपोआप शेवटची तारीख मिळाली. त्यानंतरचं काही घ्यायचं नाही.

तारखेवरून आठवलं. ही घड्याळं कुठल्या सालातली, हे जगात फक्त पप्पांच्या पाकिटांवर लिहिलेलं आहे. सगळ्यांत जुनं पाकीट मे २०१० चं, शेवटचं २०१९ चं. ओळीने लावली की दिसतं, आधी पहिल्या मालिकेतलं काळं-करडं घड्याळ, मग हिरवं. टीव्हीवर मालिका बदलली की पालातला मालही बदलायचा. पप्पांना हे दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे माझं रजिस्टर कामाला आलं म्हणायचं." ते आता नातेवाइकांच्या स्टेशनरीच्या दुकानात बसतात. घड्याळाचा विषय ते स्वतःहून काढत नाहीत.

म्हणून शेवटचा नियम, हा पहिला असायला हवा होता. पाकीट घड्याळापासून वेगळं करायचं नाही, आणि पाकिटावरचा माणूस सापडला तर घड्याळ त्याचं. मी फक्त सांभाळते.

दिवाळीच्या सुट्टीत एक सापडला. तोच, चि. सोनू. आमच्या मागच्या गल्लीतला, आता चाकणला कंपनीत आहे, दाढी वगैरे. मी त्याला घड्याळ आणि पाकीट दाखवलं तर आधी त्याला काही आठवेना. मग प्रोजेक्टर लावून दाखवला, मी सेल टाकून चालू केला होता. भर दुपारी तो जिन्याखाली अंधारात गेला आणि भिंतीवर चित्र स्पष्ट होईपर्यंत हात मागेपुढे करत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "काकांचे वीस रुपये राहिलेत की."

मी नको नको म्हटलं, ऐकेना. घरी आला, मोबाईल काढला आणि पप्पांच्या खात्यावर वीस रुपये पाठवले. पप्पांनी चष्मा लावून मेसेज वाचला. मग मला माळ्यावरून जुनी वही काढायला लावली, तेव्हाचं पान शोधलं, त्या ओळीपुढे "जमा २०" लिहून आजची तारीख टाकली आणि सोनूला विचारलं, "पट्टा नीट बसतोय का रे? एक भोक पाडून देऊ?"

मनगटाला तो पट्टा अर्धासुद्धा पुरत नव्हता. तरी पप्पांनी चिमटा आणि आरी शोधून काढली.

घड्याळ सोनू घेऊन गेला. पाकीट मी मागून घेतलं. खोक्यात सध्या सव्वीस घड्याळं आणि एकोणीस पाकिटं आहेत.