आजी काठमांडूला, मी वाशिंदला!

माझं वॉलेट चांगलंच जाड आहे. पैशांमुळे नाही हो, फ्रीलान्सरकडे कुठले आलेत पैसे! कार्डांमुळे. आधार, पॅन, लायसन्स, प्रेस कार्ड आणि एका जिमचं कार्ड, जिथे मी मोजून तीनदा गेले. वाशिंदहून लोकल पकडून मुंबई गाठणाऱ्या आपल्यासारख्यांना ओळखपत्राचं काय कौतुक? साध्या लोकलच्या पासवरसुद्धा त्याचा नंबर असतो. म्हणूनच गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या भजनी मंडळाची नेपाळ ट्रिप ठरली, तेव्हा सगळ्यांच्या कागदपत्रांचं खातं आपसूक माझ्याकडे आलं. पशुपतिनाथाला जायचंच म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीने पहिलं नाव दिलं होतं. तिला सोबत म्हणून दुसरं नाव माझं.

मग काय, आमच्या ओटीवर रोज संध्याकाळी क्लासच भरायला लागला. कल्याणहून दिल्लीपर्यंत ट्रेन होती. तिथला नियम सोपा. २०१२ पासून सगळ्या आरक्षित डब्यांत ओरिजिनल ओळखपत्र लागतं, पण एका तिकिटावर चौघं असले तर एकाचं दाखवलं तरी भागतं. आधार, पॅन, लायसन्स, मतदार कार्ड, पासपोर्ट, काहीही चालतं. झेरॉक्स मात्र नाही! मंडळातल्या एका काकांनी तरीही आठ झेरॉक्स काढून आणल्या. देशातल्या देशात विमानाने जायचं तरी यादी साधारण हीच. फक्त तिथे प्रत्येकाला आपापलं कार्ड दाखवावं लागतं.

या सगळ्यांत आधारचा रुबाब मोठा. त्याची सुरुवातही आपल्याच महाराष्ट्रातली. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आजीचा तर आधारवर फार जीव. २०२२ मध्ये ७५ वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून ती आधार दाखवून शहापूर, मुरबाड अशी फिरत असते. त्यावर तिची जन्मतारीख १ जानेवारी आहे. खरं म्हणजे ती भातकापणीच्या दिवसांत जन्मली. "सरकारनं मला दोन महिने उशिरा जन्माला घातलं," असं ती सगळ्यांना सांगते.

निघायला चार दिवस उरले होते. रात्री जेवणं झाल्यावर मी दिल्ली-काठमांडू विमानाचे नियम नीट वाचायला बसले आणि एका ओळीवर अडकले. विमानाने नेपाळला जाणाऱ्या भारतीयाकडे पासपोर्ट हवा, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड. आधार चालणार नाही. सूट फक्त १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना. २०१९ मध्ये गृह मंत्रालयाने त्यांच्यासाठी आधारही चालेल असं स्पष्ट केलं होतं.

मी पासपोर्ट काढून बघितला. कॉलेजात असताना काढलेला, दहा वर्षांचा. मुदत पाच महिन्यांपूर्वीच संपली होती. मतदार कार्ड? ते मी कधी काढलंच नव्हतं. अठरा पूर्ण झाले तेव्हा दादरच्या हॉस्टेलवर होते, नंतर ऐरोलीत भाड्याने. 'पत्ता पक्का झाला की काढू' असं म्हणता म्हणता वर्षं गेली, दोन वर्षांपूर्वी परत वाशिंदला राहायला आले तरी राहूनच गेलं. सगळ्यांची कार्डं तपासली, स्वतःचीच नाही!

तेव्हा पहिल्यांदा मी आधारवरची ती बारीक अक्षरं वाचली: हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. खरंच की! प्रत्येक कार्ड वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं. पॅन सांगतं, कर कोणाच्या नावावर. त्यावर तर पत्तासुद्धा नसतो. लायसन्स सांगतं, ही काय काय चालवू शकते. आधार सांगतं, ही तीच. पण 'ही या देशाची' हे सांगणारं एकही चालू कार्ड माझ्या जाडजूड वॉलेटमध्ये नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खूप धावाधाव केली. तत्काळ पासपोर्टची अपॉइंटमेंट मिळाली, ती निघण्याच्या दोन दिवस नंतरची. संध्याकाळी आजीला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "मग तू मत कुठं देतेस गं बाय?"

मी गप्प. निवडणुकीवर मी चार लेख लिहिलेत. मतदानाचा टक्का का घसरतो, यावर तर कव्हर स्टोरी! आजी उठून कपाटातून आपलं कार्ड घेऊन आली. मतदारांना फोटोची ओळखपत्रं द्यायचं १९९३ मध्ये शेषन यांच्या काळात ठरलं, त्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतलं ते कार्ड. काळापांढरा फोटो, पिवळं पडलेलं लॅमिनेशन, खाली आजोबांचं नाव. सही करायला ती अंगठा लावते. पण एकही मतदान चुकवलेलं नाही.

पहाटेच्या लोकलला मी तिला सोडायला गेले. गळ्यात प्लास्टिकच्या पाऊचमध्ये दोन्ही कार्डं. शेजारच्या काकूंना म्हटलं, आजीकडे लक्ष ठेवा. तर आजीच त्यांचा हात धरून डब्यात चढली. गाडी खडवलीकडे निघाली आणि मी प्लॅटफॉर्मवर उभी. हातात माझं वॉलेट.

त्याच आठवड्यात मी सहा नंबरचा फॉर्म भरला. बीएलओ बाई घरी येऊन चौकशी करून गेल्या. पासपोर्टही रिन्यू केला. तुम्हीही आजच ड्रॉवर उघडून बघाच. पासपोर्टची तारीख, नावाचं स्पेलिंग आणि मतदार यादीतलं नाव, एवढं तरी.

आजी रुद्राक्षाची माळ आणि ढीगभर गप्पा घेऊन परत आली. काही आठवड्यांनी माझं कार्ड पोस्टाने आलं. आधारवर 'वासिंद' आहे, यावर 'वाशिंद'. म्हणजे पुन्हा एक चक्कर आलीच! आजीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "छान आलाय फोटो. आता मतदानाच्या सुट्टीला माथेरानला पळू नको म्हणजे झालं."