भंडारदऱ्यात मासे किती?

राजूर मागे टाकून गाडी भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागली की कुणीतरी हा प्रश्न विचारतोच. "काय रे, धरणात मासे मिळतात का?" हल्ली एखाद्याच्या डिकीत ऑनलाईन मागवलेला कोरा करकरीत रॉडही असतो. यावर कुणीतरी "मिळतात की" म्हणतो आणि विषय रंध्याला थांबायचं की आधी जेवायचं इकडे वळतो.

मला मात्र हा प्रश्न डोक्यातून काढता येत नाही. धंद्याची खोड, दुसरं काय! 'किती' हा शब्द कानावर पडला की आमचा हात आपोआप क्वेरी लिहायला लागतो. तलावाचा डेटाबेस काही उघडा नसतो, पण न बघता मोजायच्या युक्त्या असतात. त्यातली एक फार सुंदर आहे.

समजा, तुम्ही तलावातून 200 मासे पकडले, प्रत्येकाला एक छोटी खूण केली आणि परत सोडून दिले. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकलं. या वेळी 150 मासे आले आणि त्यातले 10 खुणेचे निघाले. म्हणजे पंधरातला एक मासा खुणेचा. एकूण खुणेचे 200, म्हणजे तलावात अंदाजे 3000 मासे. बास, त्रैराशिक! फ्रान्सची लोकसंख्या काढायला लाप्लासने अठराव्या शतकाच्या शेवटी हाच विचार वापरला होता आणि पीटरसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने 1896 च्या सुमारास तो माशांना लावला.

पण या त्रैराशिकाला अटी आहेत. दोन मोजण्यांच्या मध्ये मासे बाहेर जायला नकोत, आत यायला नकोत, मरायला नकोत. आणि आपलं धरण नेमकं याच्या उलट वागतं. पावसाळ्यात भरून सांडतं आणि पुढे आवर्तनं सुटली की उतरत जातं. नगर जिल्ह्यातल्या माणसाला 'आवर्तन' शब्द समजवावा लागत नाही. प्रवरेच्या लाभक्षेत्रातला ऊस त्याच्यावर उभा आहे.

गंमत बघा. भंडारदऱ्याची साठवण सुमारे 11 टीएमसी. पावसाळ्यात आज किती टक्के भरलं, किती दशलक्ष घनफूट आवक झाली, हे रोज पेपरात येतं. त्या पाण्यावरून तालुके भांडतात, जायकवाडीला किती सोडायचं यावरून कोर्टकचेऱ्या होतात. पाण्याचा हिशोब थेंबाथेंबाचा. त्याच पाण्यात राहणाऱ्यांचा हिशोब मात्र कुणी मागत नाही.

आता 'मिळतात की' या उत्तराकडे येऊ. काय मिळतं?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही धरणाकाठी जेवायला बसा, ताटात बहुतेक वेळा कटला, रोहू, मृगळ नाहीतर चिलापी येते. यातलं मूळचं इथलं कुणीच नाही. पहिले तिघे गंगेच्या खोऱ्यातले. चिलापी म्हणजे तिलापिया, ती आफ्रिकेची. भारतात आणली 1952 साली. कटला-रोहू साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 साली हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं आणि चित्र पालटलं. (ती तारीख 10 जुलै. म्हणून तो दिवस आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो.) तेव्हापासून केंद्रात बीज तयार करायचं, बोटाएवढं वाढलं की बोटुकली म्हणून धरणात सोडायचं आणि मोठं झालं की पकडायचं. पुढच्या वर्षी परत तेच.

याला आमच्या भाषेत पॉप्युलेशन म्हणत नाहीत, इन्व्हेंटरी म्हणतात. गोदामात माल किती, तर भरला तेवढा वजा उचलला तेवढा. यात वाईट काही नाही. धरणाकाठच्या मच्छीमार सोसायट्यांची पोटं त्यावर चालतात. फक्त 'भंडारदऱ्यात मासे आहेत' या वाक्याचा अर्थ बदलतो, एवढंच.

बरं, हे गोदामही फार मोठं नसतं. 1995 साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने भारतातल्या जलाशयांवर सुगुणन यांचा एक अहवाल काढला. त्यातली सरासरी अशी: छोट्या जलाशयात हेक्टरी वर्षाला सुमारे 50 किलो मासे, मध्यम आणि मोठ्यात जेमतेम 11-12 किलो. पाणी जास्त म्हणजे मासे जास्त, असा आपला समज असतो. पण माशांचं अन्न तयार होतं ते ऊन पोचतं त्या वरच्या थरात आणि काठाच्या उथळ पाण्यात. विल्सन धरणाची उंची 82 मीटर. खाली नुसता काळोख आणि गारवा. काठ म्हणावा तर पाणी सतत वर-खाली होतं, मग तिथे पाणवनस्पती तगणार कशा आणि काठाला चिकटलेली अंडी टिकणार कशी? सह्याद्रीतली खोल धरणं दिसायला देखणी असतात, माशांच्या दृष्टीने तशी गरीबच.

मग इथले मूळ मासे कुठे असतील?

नकाशा उघडा. रतनगडावर प्रवरा उगम पावते आणि लगेच धरणाच्या पाण्यात शिरते. धरणाच्या खाली काही किलोमीटरवर रंधा, सुमारे 170 फुटांचा कडा. तो चढून वर येणारा मासा अजून जन्माला यायचाय. म्हणजे 1926 साली विल्सन धरण पूर्ण झालं त्याच्या कितीतरी आधीपासून निसर्गाने इथे एक भिंत घातलेली होती. रंध्याच्या वरचे मासे खाली पडू शकत होते, खालून नवी भरती येणं शक्य नव्हतं. त्यात मधोमध धरण आलं आणि वरच्या माशांना वाहतं पाणी उरलं ते फक्त रतनवाडी-घाटघरकडून येणाऱ्या ओढ्यांचं. रंध्याच्या खालचं पाणी आता निळवंड्याच्या जलाशयात जातं. थोडक्यात, एकाच नदीचे तीन बंद डबे. एका डब्यातला मासा संपला तर खालच्या डब्यातून त्याचा बॅकअप येत नाही.

'संपला' हे कळायला आधी तो होता हे माहीत असावं लागतं. इथे मला कर्नल साइक्स आठवतो. हा इंग्रज अधिकारी 1820 च्या दशकात दख्खनभर माहिती गोळा करत हिंडला आणि 1839 साली त्याने इथल्या माशांवर लेख छापला. अनेक नव्या माशांना त्याने शास्त्रीय नावं दिली ती मच्छीमारांच्या तोंडचीच, लॅटिनची टोपी घालून. खुडरी, कोळस, मळ्या, शिंगटी, सांडखोल, अळकुटी... जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आजही हे शब्द आहेत. आणि आपण? आपल्याला सामन आणि बासा माहीत!

यातला खुडरी म्हणजे दख्खनचा महासीर. त्याची पुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. धरणांमुळे तो कमी होतोय हे बघून लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने डॉ. चं. वि. कुलकर्णींच्या संशोधनाच्या आधारे 1970 च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. उत्तम काम. पण तिथलं बीज पार कर्नाटकात कावेरीतही सोडलं गेलं. कावेरीचा स्वतःचा एक महासीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड वाढणारा. पाहुणा वाढला आणि घरचा मागे पडला. 2018 साली या कुबडवाल्या महासीरची नोंद जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. म्हणजे मासे सोडणं हे दरवेळी पुण्याचंच काम असतं असं नाही. कुठला, कुठे आणि तिथे आधी कोण होतं, हे तीन प्रश्न आधी विचारायला हवेत.

आणि हे कळलं कसं? इथे डिकीतला तो रॉड कामाला येतो. कावेरीकाठच्या कॅम्पवर हौशी गळवाले मासा पकडून परत सोडत आणि वहीत लिहून ठेवत: किती तास बसलो, काय लागलं, वजन किती. 1998 ते 2012 च्या त्या नोंदी अभ्यासकांनी 2015 साली तपासल्या आणि एका महासीरची घसरण, दुसऱ्याची चढण स्पष्ट दिसली. एकूण मासे किती, हे त्या वहीने सांगितलं नाही. तासाला किती लागतात आणि कुठले, हे सांगितलं. तेवढं पुरलं. साधी लॉग फाइल, पण सलग 15 वर्षांची!

राजूरच्या परिसरात हे अवघड का असावं? याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरोघरी विस्मरणात चाललेलं देशी बियाणं जमवून बँक उभी केली. 2020 च्या पद्मश्री यादीत त्यांचं नाव आलं. हायब्रिडच्या रेट्यात गावठी वाल-घेवड्याचं जे होत होतं तेच ओढ्यातल्या माशांचं होतंय, फरक इतकाच की मासा मडक्यात राखेत घालून ठेवता येत नाही. त्याला ओढाच लागतो. पण नावांची यादी तर करता येते. जैवविविधता कायदा 2002 चा आहे आणि त्याखाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करायची सोय आहे. पहिल्या पावसात चढणीचे मासे कुठल्या ओढ्यात येतात, कुठले यायचे बंद झाले, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांइतकं कुणालाच सांगता येणार नाही. आणि ही माणसं काही कायम राहणार नाहीत.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी रॉड घेऊन जाणार असाल तर आधी परवानगी विचारा. धरण सरकारचं, वरचं खोरं अभयारण्याचं, मासेमारीचा ठेका कुणाचा ते गावात कळेल. मग जे लागेल त्याचा फोटो, ठिकाण, तारीख आणि किती तास बसलात ते लिहून ठेवा. काहीच लागलं नाही तर तेही लिहा, शून्य हाही डेटाच असतो. आणि काठावरच्या एखाद्या मामांना त्या माशाचं नाव जरूर विचारा. ते 'चिलापी' म्हणाले तर तळून खा. पण कधी न ऐकलेलं नाव सांगितलं, तर ते त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या आणि मासा हळूच पाण्यात सोडून द्या.