पांदण, चिखल आणि रीडची पत्ती

वाशीम-रिसोड रस्ता सोडून रिठदच्या शिवारात शिरलं की पावसाळ्यात गाडीची खरी परीक्षा सुरू व्हायची. काळी, भारी जमीन. आषाढात पांदणीतून थोडं पुढं गेलं की मडगार्ड आणि टायर यांच्यात चिखलाचा गोळा बसायचा आणि चाक जागीच अडायचं. काडीनं चिखल उकरायचा, किक मारायची, पुन्हा दहा पावलं. बाहेरच्या देशांत अशा वाटांसाठी उंच, हलक्या, वेगळ्या गाड्या घडवतात. आमच्याकडं दुधाचे कॅन, खताचं पोतं आणि मागं बसलेला माणूस घेऊन राजदूत आणि आरएक्स-१०० तेच काम करत होत्या. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं, आणि सोयाबीननं अजून सगळं वावर व्यापलं नव्हतं.

यामाहाची आरएक्स-१०० आली १९८५ मध्ये. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती, अंगानं हलकी. चिखलात रुतली तरी दोघांना उचलून धुऱ्यावर ठेवता यायची. पण तिचं खरं वेगळेपण कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या मधल्या एका लहानशा ठोकळ्यात होतं. राजदूत १७५ मध्ये पेट्रोल-हवेची वाट पिस्टनच उघडायचा आणि पिस्टनच झाकायचा. त्यामुळं इंजिन हळू फिरत असताना आत घेतलेलं थोडं मिश्रण उलटं कार्बोरेटरकडं ढकललं जायचं. यामाहानं त्या वाटेत रीड व्हॉल्व्ह बसवला. पोलादाच्या पातळ पत्त्या, एका टोकाला स्क्रूनं पक्क्या, दुसऱ्या टोकाला मोकळ्या. पिस्टन वर गेला की खालच्या क्रँकच्या केसमध्ये ओढ तयार होते, पत्त्या वाकतात, मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की पत्त्या मिटतात आणि परतीची वाट बंद. लोहाराच्या भात्याला आतून चामड्याची झडप असते ना, वारा आत घेणारी आणि बाहेर न सोडणारी, तसंच. इंजिन मिनिटाला ७५०० फेऱ्या घेत असेल तर ही पत्ती एका सेकंदात १२५ वेळा उघडते आणि मिटते. चिखलातून गाडी बाहेर काढताना कमी वेगावर जो दम लागतो, तो तिच्यामुळं मिळायचा.

ही पत्ती आम्ही डोळ्यांनी पाहिलेली आहे, आणि मला सांगायचं आहे ते याच पाहण्याबद्दल. गाडी सकाळी किक खाईना, आयडलिंगला बंद पडू लागली, एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा ओलावा दिसू लागला, की मेकॅनिक कार्बोरेटर काढायचा आणि मागचा ठोकळा बाहेर घ्यायचा. पेट्रोलनं धुऊन तो उन्हाकडं धरायचा. पत्तीच्या कडेनं उजेडाची रेघ दिसली की निदान झालं. “पत्ती उभी राह्यली बावा, बसतच नाही,” एवढंच तो म्हणायचा. कधी ठोकळ्याला तोंड लावून हवा ओढून, फुंकून बघायचा. पत्तीचा कोपरा तुटलेला असला तर त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या, कारण तुटलेला तुकडा गेला कुठं, तर आत, पिस्टनकडं. मग हेड उघडणं आलं. भोवती चार पोरं उकिडवी बसलेली असायची. आपली गाडी नसली तरी बसायची. इंजिन श्वास कसा घेतं हे शाळेतल्या फळ्यावरून कुणाला कळलं नसेल, पण उन्हाकडं धरलेल्या त्या ठोकळ्यावरून कळलं. माझ्यापुरतं तरी हे अगदी खरं आहे.

मग दिवस बदलले. ज्या १९८५ नं आरएक्स-१०० दिली त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी-१०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. फोर-स्ट्रोक गाडी एका लिटरमध्ये कितीतरी जास्त जायची, आणि शेतीच्या हिशेबात हा मुद्दा मोठा होता. १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम आवळले, आरएक्स-१०० चं उत्पादन थांबलं. २००० च्या नियमांनी टू-स्ट्रोकचा उरलासुरला जोरही काढून घेतला. टू-स्ट्रोकचा तो निळा धूर हवेत राहायला नको होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या धुरात अर्धवट जळलेलं ऑइल असायचं आणि न जळलेलं पेट्रोलही, आणि ते आमचीच लेकरं हुंगत होती. पण मेकॅनिकच्या दुकानात बोलणं बदललं. रीड जाऊन टॅपेट आले, टायमिंग चेन आली, आणि सगळ्यांनी धरून टाकलं की पत्तीचा जमाना संपला.

तो संपला नव्हता. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा घेण्यासाठी डोक्यावर स्वतंत्र व्हॉल्व्ह असतात, तिथं रीडची गरज नाही. मात्र खाली, क्रँकच्या केसमध्ये, पिस्टनची खालीवर हालचाल हवा दाबतेच. एका सिलिंडरच्या इंजिनात तर जास्तच, कारण समतोल साधायला दुसरा पिस्टन नाही. या दाबाचं करायचं काय? स्वीडनच्या हुस्कवार्नानं १९८३ च्या सुमाराला ५१० ही मातीतल्या शर्यतींची फोर-स्ट्रोक गाडी काढली, तेव्हा इंजिनाचा बराचसा घाट आपल्याच टू-स्ट्रोकवरून घेतला होता. तिच्यात वेगळा ऑइल पंप ठेवलाच नाही. केसमधला दाब आणि रीड व्हॉल्व्ह यांच्या जोरावर ऑइल वरपर्यंत पोचवलं. वजन कमी, भाग कमी. मला ही युक्ती फार सुंदर वाटते, कारण जो दाब इतरांना अडचण वाटायचा, तोच त्यांनी कामाला लावला.

आपल्याकडं बुलेटवाल्यांना याचा भाऊ ठाऊक आहे. जुन्या बुलेटच्या केसमधून निघणाऱ्या श्वासनळीला रबराची चपटी चोच असते, मेकॅनिक तिला डकबिल म्हणतात. दाब आला की चोच उघडते, ओढ आली की मिटते. रबर कडक झालं की केसमध्ये दाब साठतो आणि सीलमधून, पॅकिंगमधून ऑइल गळू लागतं. गाडीखालच्या डागाला लोक पॅकिंगचा दोष समजून खर्च करतात. आधी दोन बोटांनी ती चोच दाबून पाहावी.

आणि तिसरी पत्ती तर आज रिठदच्या जवळजवळ प्रत्येक ओसरीत उभी आहे. २००० नंतरच्या अनेक फोर-स्ट्रोक गाड्यांच्या हेडला एक नळी लागलेली दिसते. एक्झॉस्टमधून धूर ठोक्याठोक्यानं बाहेर पडतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर ओढ तयार होते. त्या ओढीनं रीडची पत्ती उघडते, एअर फिल्टरची स्वच्छ हवा गरम एक्झॉस्टमध्ये जाते आणि उरलेलं न जळलेलं पेट्रोल तिथंच जळून जातं. ठोका आला की पत्ती मिटते. जी पत्ती धुराच्या इंजिनाला पेट्रोल पाजायची, ती आता धूर कमी करायला लागली आहे! तिच्यावर काजळी साचून ती मिटेनाशी झाली तर गरम धूर उलटा फिरतो आणि नळी करपते. दुखणं तेच, पत्ती बसत नाही. फक्त जागा बदलली.

स्वीडनमधल्या त्या गाडीची वाटही शेवटी आपल्या दाराशी आली. १९८७ मध्ये हुस्कवार्नाच्या मोटरसायकली इटलीकडं गेल्या, तेव्हा हुस्कवार्नाच्याच काही इंजिनिअरांनी स्वीडनमध्ये हुसाबर्ग उभी केली. १९९५ मध्ये हुसाबर्ग केटीएमनं घेतली, आणि २००७ मध्ये केटीएममध्ये बजाजनं भागीदारी घेतली. त्यानंतर काही वर्षांत केटीएमची ड्यूक पुण्याजवळच्या चाकणला बनू लागली. पुढं हुस्कवार्ना हे नावही केटीएमच्या घरात आलं आणि २०२० मध्ये त्या नावाच्या गाड्याही चाकणहून बाहेर पडल्या. वाशीमचा पॉलिटेक्निक झालेला पोरगा चाकणच्या पट्ट्यावर नोकरी करतो, आणि सुटीला गावी येतो तेव्हा पांदणीतून स्प्लेंडर काढतो.

गाव बदललं आहे. काही पांदणींवर मुरूम पडला, बीएस-६ च्या गाड्यांना इंजेक्टर आणि सेन्सर आले, दुखणं मशीनला जोडून वाचलं जातं. आरएक्स-१०० हौशी लोक शोधत फिरतात, तिला पोलादाऐवजी कार्बन फायबरच्या पत्त्या बसवतात आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजतात. त्यांचं प्रेम मला समजतं. पण त्या पोरांचं उकिडवं बसणं मला गाडीपेक्षा जास्त आठवतं. आजचं पोरगं गाडी सर्व्हिसला देतं, मोबाईल बघत बसतं आणि बिल भरून जातं. त्यात त्याचा दोष काय, त्याच्यासमोर कुणी काही उन्हाकडं धरतच नाही. अनेक गाड्यांना हेडजवळच्या त्या तिसऱ्या पत्तीचं झाकण दोन बोल्टांवर असतं, उघडायला फार वेळ लागत नाही. गॅरेजवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: इंजिन थंड असताना ते उघडा, पत्ती पेट्रोलनं पुसा आणि परत बसवण्याआधी समोरच्या पोराच्या हातात द्या.