हजार ल्युमेनचा हिशोब

चि. ओंकार,


कळसूबाईच्या रात्रीच्या चढाईसाठी हजार ल्युमेनचा हेडटॉर्च घ्यायचा तुझा बेत कळला. टॉर्च दमदार हवाच. पण खोक्यावरच्या आकड्याला भुलू नकोस. एएनएसआय एफएल-१ या टॉर्चच्या मानकानुसार तो आकडा टॉर्च लावल्यावर अर्ध्या ते दोन मिनिटांत मोजतात, आणि ‘इतके तास चालतो’ म्हणजे सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत चालतो. हजाराचा शंभरावर आला तरी कंपनीच्या लेखी तो चालूच! चांगला एलईडी वॅटमागे सव्वाशे ल्युमेन देतो असं धर. हजाराला आठ वॅट लागले, आणि १८६५० आकाराच्या एका सेलमध्ये असतात साधारण बारा वॅट-तास. दीड तासात खेळ खलास, तोही टॉर्च तापून आधीच मंद झाला नाही तर. बारी गावातून १,६४६ मीटरचा माथा गाठायला तीनेक तास सहज जातात. त्याच सेलवर दोनशे ल्युमेन सात तास पुरतील.

‘जास्त असलेला बरा, कमी करता येतो की,’ असं तू म्हणशील. बरोबर आहे, चुकलेली वाट शोधताना तो जादा झोत कामाला येतो. पण झोत दुप्पट लांब न्यायला उजेड चौपट लागतो. म्हणजे तसाच झोत असलेल्या अडीचशेच्या टॉर्चपेक्षा हजाराचा फक्त दुप्पट लांब पोचणार, आणि मोठ्या सेलचं वजन रात्रभर कपाळावर. धुक्यात तर उलटंच होतं. दिवा डोळ्यांलगत असल्यामुळे थेंबांवरून परतलेला उजेड थेट डोळ्यांत येतो, आणि ल्युमेन जितके जास्त तितकी पांढरी भिंत जाड. अशा वेळी टॉर्च काढून कमरेपाशी हातात धरावा. उजेड तिरका पडतो, दगडांना सावल्या येतात, पायरी कुठली नि खळगा कुठला ते कळतं. लोखंडी शिड्यांवर मात्र दोन्ही हात हवेत, तिथे तो परत डोक्यावर. डोंगरात सायकल दामटणाऱ्यांची गोष्ट वेगळी: ताशी तीस किलोमीटरला सेकंदात आठ मीटर मागे पडतात, त्यांना हजार हवेतच. तू चालणार आहेस.

दुकानात एवढंच विचार: दोनशेवर एकसारखा किती तास, सेल बदलता येतो का, आणि सॅकमध्ये आपोआप लागू नये म्हणून लॉक आहे का. पावसाळ्यात जाणार असशील तर पाणी सोसण्याच्या आयपीएक्स-४ दर्जाच्या खालचा घेऊ नकोस. उरलेल्या पैशांत जादा सेल घे, आणि तो घरूनच चार्ज करून ने.

तुझा,
मामा