कॅरिअरवरची वही

मुलांनो, सायकल येते ना तुम्हाला? येतच असणार! मग सांगा बघू, सायकलवरून सगळ्यांत लांब कुठवर गेलात? शाळेपर्यंत? नदीपर्यंत? की थेट मामाच्या गावाला?

मी एका वर्षात सायकलवरून साधारण अकराशे किलोमीटर हिंडलो. सायकल कसली म्हणाल, तर अगदी साधी. काळी, बिनगिअरची, मागं भक्कम कॅरिअर असलेली. त्या वर्षाची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. पण आधीच सांगून ठेवतो हं, ही काही बहादुरीची गोष्ट नाही. यात माझी एक चूक आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात एका लहानशा गावी शिक्षक आहे. तिसरी-चौथीचे वर्ग माझ्याकडे. जून २०२३ मध्ये शाळा उघडली तेव्हा मुलांनी आणि मी मिळून एक बेत केला. सुट्टीच्या दिवशी मी सायकलवरून कुठंतरी जायचं आणि येताना तीन गोष्टी आणायच्या. रस्त्याचा नकाशा, एक चित्र आणि मूठभर माती. मुलांनी त्यावरून गोष्टी, कविता, कोडी रचायची आणि वर्षाच्या शेवटी एक जाडजूड हस्तलिखित तयार करायचं. त्यासाठी दोनशे पानांची एक मोठी वही आणली. मुलांनी तिला खाकी कागदाचं कव्हर घातलं.

पावसाळ्यात जवळपासच्याच फेऱ्या झाल्या. एका रविवारी मांजरा नदीच्या उगमाकडे गेलो. दुसऱ्या रविवारी सौताड्याला, विंचरणा नदीचा धबधबा बघायला. सोमवारी फळ्यावर नकाशा काढताना आम्हाला एक गंमत सापडली. या दोन्ही नद्या आमच्याच तालुक्यातल्या, बालाघाटाच्या डोंगरातल्या. पण मांजरा पूर्वेकडे जाते आणि शेवटी गोदावरीला मिळते. विंचरणा सौताड्याला खोल दरीत उडी घेते आणि सीनेला मिळते. सीना मिळते भीमेला आणि भीमा कृष्णेला! म्हणजे डोंगराच्या एका अंगाला पडलेला पाऊस गोदावरीचा आणि दुसऱ्या अंगाला पडलेला कृष्णेचा.

हे ऐकून तिसरीतली एक मुलगी झटकन उठून उभी राहिली. तिचं खरं नाव सांगत नाही, आपण तिला चिमणी म्हणू. म्हणाली, "गुरुजी, म्या याच्यावर गोष्ट लिहिते. दोन थेंबांची."

दोन थेंब ढगातून हातात हात घालून निघतात आणि डोंगरावर पडताना त्यांची ताटातूट होते, अशी ती गोष्ट. चिमणीनं वहीची दोन पानं भरून काढली. तिसरं पान कोरं सोडलं आणि म्हणाली, "ते परत कुठं भेटत्यात, ते इचार करून लिहिते."

मग दसरा आला. आमच्या भागातली कितीतरी माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. गावात ट्रक येतात. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं सगळी ट्रकात बसतात आणि साखर कारखान्यांच्या भागात निघून जातात. परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये. माझ्या वर्गात २२ मुलं होती. दिवाळीच्या सुट्टीआधी ९ उरली.

आता माझी चूक सांगतो. आई-बाप ऊसतोडीला गेले तरी मुलांना गावात राहता यावं, म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते. मूल आजी-आजोबांजवळ राहतं, जेवणाची सोय होते आणि शाळा बुडत नाही. पण त्यासाठी दसऱ्याआधी घरोघर जाऊन आई-बापांना समजवावं लागतं. ते काम माझं होतं. आणि त्या आठवड्यात मी काय करत होतो? सायकलला नवे टायर बसवत होतो! दिवाळीत थेट कोकणात समुद्रापर्यंत जायचे मनोरे रचत होतो.

चिमणीच्या घरी गेलो तेव्हा तिची आजी ओट्यावर एकटीच बसली होती. म्हणाली, "काल रातीच गेला की ट्रक, गुरुजी. तुमी एक दिस आधी आला असता, तर म्या ठिवून घेतली असती पोरीला."

एक दिवस! मुलांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी समुद्राचा बेत सोडून दिला. चिमणीच्या वडिलांना फोन लावला. ते अकलूजच्या बाजूला होते. आमच्या गावापासून सुमारे दीडशे किलोमीटर. दिवाळीच्या सुट्टीत मी ती मोठी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली, कॅरिअरला बांधली आणि निघालो.

जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, अकलूज असा रस्ता. तीन दिवस लागले. बाभळीच्या काट्यांनी दोनदा पंक्चर केलं. दोन्ही वेळा रस्त्याकडेला बसून ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते शोधलं आणि ठिगळ लावलं. जामखेडच्या पुढं सीना ओलांडली. करमाळ्याला कमलाभवानीच्या देवळाचं चित्र काढलं. टेंभुर्णीच्या पुढं भीमेचं भलंमोठं पात्र आलं आणि मग जिकडं पाहावं तिकडं हिरवागार ऊस!

उसाच्या फडाजवळच्या रानात कोप्या होत्या. कोपी म्हणजे झोपडी. आत वाकूनच जावं लागतं. चिमणी बाहेरच होती. कडेवर धाकटा भाऊ, हातात पाण्याची कळशी. मला वाटलं, मला बघून ती धावत येईल. पण ती कोपीच्या मागं जाऊन लपली.

मी हाका मारल्या. खूप वेळानं आली. मी वही उघडून तिच्यापुढं धरली, तर खाली मान घालून म्हणाली, "मला आता लिहायला येत न्हाई, गुरुजी."

महिनाभरच तर झाला होता! पण तिच्या हातांना पाचटानं कापलेलं होतं. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्यातली साखर कमी होते. म्हणून रात्री-अपरात्री कधीही गाडी भरायला हाक येते. आई-बाप गेले की भावाला तीच सांभाळायची. मी 'लिही' तरी कोणत्या तोंडानं म्हणणार?

मग मी माझे नकाशे काढले. म्हटलं, "बरं, लिहू नको. तू आलीस तो रस्ता तर बघ." ती चकित होऊन म्हणाली, "ह्यो आमचा रस्ता?"

मुलांनो, चिमणी या रस्त्यानं तीन वर्षं येत-जात होती. पण दर वेळी रात्री, ट्रकात, सामानाच्या मधे बसून. तिनं सीना पाहिली नव्हती. भीमा पाहिली नव्हती. मी सायकलवरून तीन दिवसांत जे पाहिलं, ते सगळं ती झोपेतच ओलांडून आली होती.

ती भावाला मांडीवर घेऊन बसली आणि तिनं नकाशावर बोट ठेवलं. सौताडा, सीना, भीमा. मग एकदम म्हणाली, "म्हंजी दुसरा थेंब हिकडंच आला की, गुरुजी! माझ्यासंगट!"

मला बोलताच येईना.

मी निघालो तेव्हा नकाशे तिच्याजवळच ठेवले. वही मात्र तिनं परत दिली. "हितं भिजंल," म्हणाली. जानेवारी २०२४ मध्ये रजा काढून मी पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो. या वेळी कॅरिअरवर गावातल्या ९ मुलांची पत्रं होती. चिमणीला आणि जवळच्या कोप्यांवर असलेल्या आमच्या शाळेतल्या आणखी चार मुलांना ती वाचून दाखवली. चौघांनीही वहीत चित्रं काढली. चिमणीनं मात्र ते पान कोरंच ठेवलं.

एप्रिलमध्ये तिची माणसं गावी परतली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. धापा टाकत म्हणाली, "गुरुजी, औंदा आमी दिवसा आलो. म्या कडंला बसले. समदं बघितलं!" मग वही मागून घेतली. अक्षर वेडंवाकडं, पण तिनं स्वतः लिहिलं. गोदावरी आणि कृष्णा दोघीही बंगालच्या उपसागराला मिळतात, हे तिनं भिंतीवरच्या मोठ्या नकाशात शोधून काढलं होतं. तिचे दोन थेंब समुद्रात भेटले. एकानं दुसऱ्याला विचारलं, "तू कुठून आलास?" दुसरा म्हणाला, "तुझ्याच गावाहून."

हस्तलिखित पुरं झालं. मी ज्या समुद्राला जायला निघालो होतो, तो मला त्या पानावर दिसला.

२०२४ मध्ये मी पोळ्यापासूनच सायकल काढली. लांब कुठं नाही, घरोघर. वर्गातल्या २१ मुलांपैकी १३ गावात राहिली. चिमणी आजीजवळ राहिली. आठ जण गेलेच. त्यांचे पत्ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले.

बालमित्रांनो, तुमच्या वर्गातही एखादी जागा रिकामी दिसते का? ते मूल कुठं गेलं, कोणत्या रस्त्यानं गेलं, कधी विचारलंत? विचारून बघा. आणि जमलं तर त्याच्यासाठी वहीत एक पान कोरं ठेवा.